खांद्याचा टाका

मास्तर, शेठजी, नवे डॉक्टरसाहेब, अन् समोर बसलेल्या माय-बापहो, सगळ्यांना राम राम.

मला सभेत बोलायची सवय न्हाई. बैलाशी बोलतो, तेवढंच. मास्तरांनी निरोप धाडला, की गणपत, तू दर बुधवारी डॉक्टरांपाशी बसायचास, तू दोन शब्द बोल. मी न्हाई म्हणलो. त्यांनी पुन्हा निरोप धाडला. मंग मला वाटलं, आज न्हाई बोललो तर पुन्हा कवा बोलणार? अन् कुणाला? म्हणून उभा ऱ्हायलोय. बोलणं वाकडंतिकडं झालं तर पदरात घ्या.

पोलिसांच्या अमीनसाहेबांनी सभेला इजाजत दिली, त्यांचे उपकार हायत. गेलेल्या माणसाबद्दलच बोला, दुसरं काही बोलू नका, अशी ताकीद हाय. त्यांचा जवान तिथं दारात बसलाय. बाबा, तू निवांत बस. मी डॉक्टरांबद्दलच बोलणार हाय, अन् थोडं मपल्याबद्दल.

आत्ता शेठजी बोलले. लय चांगलं बोलले. राजलिंगम डॉक्टरांच्या हाताला गुण होता, म्हणले. पटकीच्या साथीत आपल्या जिवावर उदार होऊन घरोघर फिरले, म्हणले. खरं हाय ते. मंग शेवटाला म्हणले, देवमाणूस होता, एक गणपतचा खांदा सोडला तर त्यांच्या हाताला अपेश न्हाई. तवा तुमी सगळे मपल्याकडं बघून हसलात. मला वाईट न्हाई वाटलं. गेली अकरा वर्षं मानवतच्या बाजारात हेच चाललंय. कुणाचं काही बिघडलं की म्हणतेत, गणपतचा खांदा झाला. हजामाच्या दुकानात म्हणतेत, सुताराच्या कामठ्यावर म्हणतेत. मीबी हसतो.

शेठजी, तुमची चूक न्हाई. तुमाला जेवढं ठाऊक हाय तेवढं तुमी बोललात. पण खरं काय झालं ते ठाऊक असणारा माणूस ह्या जगात एकटा मीच हाय. ते सांगायला मी उभा ऱ्हायलोय.

त्या साली मी तेवीस वर्षांचा होतो. गाव मपलं मानवतपासून दोन कोस. दोन बैलं, थोडी जमीन, घरात मी अन् मपली बायको कौसा. मायबाप आधीच गेले होते. आखाडात पाऊस लागला होता. मी बैलं घेऊन ओढा उतरत होतो. कासरा मी मनगटाला गुंडाळलेला. शहाणा माणूस कासरा मनगटाला गुंडाळत न्हाई, लेकराला सुदिक ठाऊक असतं. पण जवानीत कुणाला शहाणपण असतं? बैल घसरला, ओढ्यात गेला, अन् मपला उजवा हात असा वर, डोक्याच्याबी वर ओढला गेला. खांद्यात काहीतरी फाटलं. जाड कापड फाटावं तसं. मला आवाज आला, शेजारच्यालाबी आला असता.

हात जागेवर होता. बोटं हालत होती, मूठ आवळत होती. पण हात उचलायला गेलो की उचलंना. डाव्या हातानं उचलून वर न्यायचा अन् सोडला की धपकन खाली. आमच्याकडच्या हाडवैद्यानं ओढून बघितला, लेप लावला, निखळलाय म्हणला, बसवला म्हणला. बसला कुठं? कौसा भाकरी कुस्करून द्यायची अन् मी डाव्या हातानं खायचो. तेवीस वर्षांचा गडी, औताला हात लावता येईना. रडायचो मी. कौसापुढं न्हाई, गोठ्यात जाऊन.

आठव्या का नवव्या दिवशी कौसानंच गाडी जुंपली अन् मला दवाखान्यात आणलं. डॉक्टर तवा नवे होते. तेलंगी माणूस, शहर हैद्राबादेत वाढलेला. आपली बोली त्यांना धड येत न्हवती. 'दुखायलंय का' एवढं तेवढं शिकले होते, ते मात्र झाडून सगळ्यांना इचारायचे, ज्याला खोकला हाय त्यालाबी.

त्यांनी हात इकडून तिकडून फिरवला. हात वर धरून म्हणले, आता मी सोडतो, तू पकड. त्यांनी सोडला, हात पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मंग त्यांनी कंपाउंडरला मधी घालून समजावून सांगितलं. म्हणले, गनपत, हाड मोडलं न्हाई, निखळलंबी न्हाई. खांद्याच्या हाडाला वरून वाद्या बांधलेल्या असतेत, चामड्याच्या असतेत तशा. त्या हात उचलतेत. तुझी वरची मोठी वादी हाडापासून उपटून आलीय, अन् तिच्या मागची अर्धी. लई मोठं फाटलंय. लेप लावून ते चिकटत न्हाई.

मी इचारलं, मंग आता?

म्हणले, शिवायचं. खांदा उघडायचा, हाडाला भोकं पाडायची, वादी ओढून आणायची अन् रेशमाच्या दोऱ्यानं हाडाला बांधायची.

कौसानं मपला डावा हात घट्ट धरला. हाडाला भोकं म्हणल्यावर कुणाचं काळीज ऱ्हाईल जागेवर?

डॉक्टर म्हणले, म्हातारा असता तर मी हात घातला नसता. म्हाताऱ्याची वादी झिजून तुटती. जुन्या जोड्याला टाका घालावा तर चामडंच टाका धरत न्हाई, तसं होतं. ह्यो जवान आदमी हाय. ह्याची वादी ताजी हाय. ह्याला अजून चाळीस वर्षं काम करायचंय. ह्याला असंच सोडलं तर हात जन्माचा गेला. पण करायचं तर लवकर. महिना-दोन महिने गेले की वादी आत ओढली जाती, आखडती, मंग हाताला लागत न्हाई. तुमी घरी जाऊन सल्ला करत बसू नका.

त्यांनी हे काम आधी कवा केलं न्हवतं. ते त्यांनी लपवलं न्हाई. म्हणले, मोठ्या दवाखान्यात शिकताना एकदा साहेबाला करताना बघितलंय, किताबात वाचलंय, हातानं हे पहिलंच. हैद्राबादेला जायचं तर चिठ्ठी देतो. कौसानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणली, तुमीच करा, साहेब. माणूस खोटं बोलत न्हाई एवढं तिला कळलं होतं. नंतर खोटं कोण बोललं, ते तिला कळलं न्हाई.

उजेडासाठी सकाळी, खिडकीपाशी टेबल ओढून त्यांनी खांदा उघडला. मी क्लोरोफॉर्मच्या वासात गेलो, मला काय ठाऊक? कंपाउंडरनं मागून सांगितलं. सुताराचं गिरमीट असतंय ना, तसलंच पण चकचकीत, उकळलेलं, त्यानं हाडाला तीन भोकं पाडली. वादी चिमट्यानं धरून हळूहळू ओढली. पहिल्यांदा येईना. डॉक्टर घामानं भिजले, पण घाई केली न्हाई. वादी आली, भोकांतून दोरा गेला, गाठी बसल्या. कंपाउंडर म्हणला, शेवटली गाठ मारल्यावर डॉक्टरांनी मपला हात धरून हळूच हालवला, टाका बघितला, अन् तेलंगीत काहीतरी बोलून एकटेच हसले.

पुढचं खरं कठीण काम आमचं होतं. सुताराकडून त्यांनी एक हलकी लाकडी चौकट करून घेतली होती. कमरेला पट्टा, वर फळी, अन् फळीवर मपला हात अंगापासून दूर, खांद्याच्या उंचीला बांधलेला. हात खाली आला की टाक्यावर ताण येतो, वर असला की वादीला आराम मिळतो. सहा आठवडे असंच ऱ्हायचं. निजायचंबी तसंच, टेकून. गावात गेलो तर पोरंटोरं म्हणायची, गणपतअण्णा, कुणाला वाट दाखवायलाव?

घरी धाडताना डॉक्टरांनी कौसाला समोर उभं केलं. म्हणले, बाई, टाका मी घातला, पण हाडाला वादी चिकटवणार ते दिवस. सहा आठवडे चौकट सोडायची न्हाई. तेल न्हाई, मालिश न्हाई, शेक न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई. कौसा म्हणली, जी. तिनं तीन बोटं मोडून म्हणून दाखवलं, तेल न्हाई, मालिश न्हाई, शेक न्हाई.

मंडळी, तुमी कुणबी हाव, तुमाला मी काय सांगू? चौथ्या आठवड्यात काय आलं असंल? श्रावण सरला. पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्यात काय असतंय?

खांदेमळणी.

डॉक्टरांना हे ठाऊक न्हवतं. शहरातला माणूस. त्यांनी तेल, मालिश, शेक सगळ्याला न्हाई म्हणलं, पण खांदेमळणीला न्हाई म्हणायचं त्यांना सुचणार कुठून?

कौसानं बैलं धुतली. एकटीनं. मी ओसरीवर चौकटीत बसलेला. दरसाली खांदे मी मळायचो. त्या साली तिनं मळले. तूप-हळद कालवली, पळसाची पानं ऊन पाण्यात बुडवून दोन्ही बैलांचे खांदे शेकले, मळले, अन् त्यांच्या कानाशी म्हणली, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जू घासून घासून बैलांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतेत. हळद लागली की बैल कसा डोळे मिटतो, तुमी बघितलंय.

मंग ती वाटी घेऊन मपल्यासमोर आली. वाटीत थोडं ऱ्हायलं होतं. म्हणली, बैलाचा खांदा मळला, अन् बैलाबरोबर राबणाऱ्याचा कोरडा ठेवू का?

मी म्हणलो, डॉक्टर न्हाई म्हणलेत.

ती म्हणली, डॉक्टर तेलाला न्हाई म्हणलेत. हे काय तेल हाय का? हे सणाचं हाय. सणाच्या हळदीनं कुणाचं वाईट झालंय का आजवर?

हसू नका. तुमच्या घरात हेच झालं असतं.

अन् खरं सांगतो, तिच्या एकटीवर मी हे ढकलणार न्हाई. चार आठवडे खांदा अवघडला होता, खाजायचा, ठणकायचा. कुणी हात फिरवावा म्हणून जीव आसुसला होता. ती म्हणली, सोडू का? मी म्हणलो, सोड.

मी म्हणलो सोड. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलायलोय.

तिनं पट्टे सोडले, हात खाली घेतला, मांडीवर ठेवला. अन् बैलाचा खांदा मळतेत तसा, तळव्यानं, जोर लावून, मायेनं मळला. दुसऱ्या का तिसऱ्या रेट्याला आत काहीतरी सुटलं. ऊन तार ओढल्यावाणी कळ गेली, अन् मंग काहीच न्हाई. रिकामं. ओढ्यात लागलं होतं तेच. मी ओळखलं.

ती म्हणली, बरं वाटलं का?

मी म्हणलो, लय बरं वाटलं.

काय म्हणणार होतो? तिच्या हाताला हळद होती, तोंडावर हसू होतं. दिवसभर एकटी राबून तिनं सण केला होता. त्या घडीला तिला सांगितलं असतं, की कौसा, तुझ्या हातानं मपला हात गेला, तर त्या बाईनं जन्मभर पोळा केला नसता. मी गप बसलो. तिनं खांदा पुसला, धुतला, पुन्हा चौकट बांधली. डॉक्टर बांधायचे त्याच्यापेक्षा नीट बांधली.

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी चौकट काढली. हात धरून म्हणले, आता मी सोडतो, तू पकड. हात पडला.

डॉक्टरांचं तोंड मला आजबी दिसतंय. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मंग त्यांनी हळू आवाजात इचारलं, गनपत, चौकट कुणी सोडली होती का? कुणी हात लावला होता का?

कौसा दारात उभी होती. तिनं हो म्हणायला तोंड उघडलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तिला तर ते चौकट सोडणं, हात लावणं वाटतच न्हवतं, सण वाटत होता. मी घाईनं म्हणलो, न्हाई साहेब. कुणीबी न्हाई.

खरं सांग, म्हणले.

खरंच सांगायलो, म्हणलो.

ते स्टुलावर बसले. मंग म्हणले, तर मंग टाका कच्चा पडला. चूक मपली हाय. पुन्हा उघडून बघू या का? मला भीती वाटली. उघडल्यावर त्यांना कळंल, असं मला वाटलं. मी नको म्हणलो. त्यांनी वही काढली अन् मपल्या नावापुढं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मी तवा इचारलं न्हाई.

त्या दिवसापासून, दर बुधवारी बाजाराला आलो की ते मला बोलवायचे. हात किती उठतो बघायचे. हळूहळू छातीपर्यंत उठायला लागला, त्याच्यावर न्हाई. पेरणीची चाड्यावरची मूठ मी डाव्या हातानं धरायला शिकलो. चहा पाजायचे. अन् बोलता बोलता अंगठ्यानं मपला खांदा चाचपायचे. एकाच जागी. कुठं चुकलं, ते शोधायचे. अकरा वर्षं शोधत होते, मंडळी. मला ठाऊक होतं, अन् मी चहा पीत होतो.

त्यांचं कुणी इथं न्हवतं. बायको जवानीतच गेलेली, लेकरू न्हाई. दवाखान्यामागच्या खोलीत एकटेच भात शिजवून खायचे. तीन वर्षांमागं कौसा तापात गेली, तवा तेच उशाशी होते. जाईपर्यंत ती दरसाली खांदेमळणीला मपल्या खांद्याला हळद लावायची अन् शेजारणीला सांगायची, डॉक्टरच्या टाक्यानं काही झालं न्हाई, मपल्या हळदीनं एवढा तरी उठायलाय. मी ऐकायचो.

ती गेल्यावर मला सांगता आलं असतं. तिला आता बोल लागणार न्हवता. दर बुधवारी ठरवून यायचो, आज सांगू. दोघं पायरीवर बसायचो. तेबी एकटे, मीबी एकटा. तेवढा एकच माणूस होता मला, ज्याच्यापाशी बसावं वाटायचं. खरं सांगितलं अन् तेबी उठून गेले तर मी कुठं बसू? म्हणून पुढचा बुधवार, पुढचा बुधवार. असे सगळे बुधवार गेले. मुदतीच्या तापानं डॉक्टर गेले, त्या दिवशी शुक्कर होता.

इथं बसावं अन् रडून घ्यावं, असं वाटायलंय. पण अजून एक ऱ्हायलंय, अन् ते जास्ती वाईट हाय.

हरबा, तू मागं बसलायस, मी बघितलंय तुला. मंडळी, हरबा देवगावकडचा धनगर. सहा वर्षांमागं हा दरडीवरून मेंढीमागं पडला, हातावर. वीस वर्षांचा होता. बाप त्याला घेऊन दवाखान्यात आला तवा मी बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी हात उचलला, सोडला. पडला. तीच वादी. तसंच मोठं फाटलेलं. आठ दिवसही झाले न्हवते. जवान पोरगं, ताजी वादी, सगळं जसं पाह्यजे तसं.

बाप म्हणला, साहेब, शिवा.

डॉक्टर म्हणले, हे काम मी करत न्हाई. एकदा केलं, टिकलं न्हाई. हैद्राबादेला जा, चिठ्ठी देतो. बाप हात जोडायला लागला, की मेंढरं कुणावर सोडून जाऊ? तवा डॉक्टरांनी मपल्याकडं बोट केलं. म्हणले, हा बघा. ह्याचा मी केला होता. ह्याला इचारा.

हरबाच्या बापानं मला इचारलं. खरं हाय का, दादा?

मी हात उचलून दाखवला. छातीपर्यंत. बाप उठला अन् पोराला घेऊन गेला. ते हैद्राबादेला गेले न्हाईत. कोण जातंय?

हरबा, मी तवा तोंड उघडलं असतं, तर डॉक्टरांनी तुझा खांदा त्याच आठवड्यात शिवला असता. तू आज काठी डाव्या हातात धरतोस. ते मपल्यामुळं. तुझ्यानंतर अजून दोघं आले, त्यांनाबी तसंच परत धाडलं. मी माफी मागायलो न्हाई. माफीनं वादी जागेवर येत न्हाई, अन् आता उशीरबी झालाय, ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू इथून बाहेर पडल्यावर मला जे बोलायचं ते बोल. मी ओट्यावर थांबतो. जाणार न्हाई.

नवे डॉक्टरसाहेब, ती वही आता तुमच्याकडं हाय. मपलं नाव काढा. तिथं टाका कच्चा पडला असं लिहिलेलं असंल, ते खोडा, अन् लिहा, की बायकोनं मायेनं मळला, नवऱ्यानं मळू दिला, अन् अकरा वर्षं खोटं बोलला. उद्या कुणी जवान माणूस असा हात घेऊन आला, तर त्याला वही दाखवा, मला बोलवा, मी येतो. त्याचा खांदा शिवा. अन् घरी धाडताना त्याच्या बायकोला, आईला समोर उभं करून सांगा, की बाई, खांदेमळणीसुदिक न्हाई.

आता मास्तर सांगतील, सगळ्यांनी उभं ऱ्हावं, दोन मिनिटं शांत ऱ्हावं. तुमी उभे ऱ्हा. टोप्या काढायच्या त्यांनी काढा. डॉक्टरांसाठी गप ऱ्हा. मला तेवढं त्यात धरू नका. मी लय गप ऱ्हायलो. तुमी गप असाल तवा मी एकदाच बोलणार हाय, त्यांच्या तसबिरीकडं बघून, तेवढं ऐकून घ्या.

डॉक्टर, टाका पक्का होता.